गोमाजीकाकांच्या ओटीवरचं इंग्रजी

चेंदणी, ठाणे
शनिवार, ता. १२ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप धाकूमामांस,

मधूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, खरोखर आडवा पडलो तर दौत कलंडेल.) तुमचा गुडघा आता कसा आहे? गेल्या शिमग्याला तुमची होडी वर ओढताना मी दोरी मधेच सोडली आणि तुम्ही चिखलात बसलात, तेव्हापासून तो कुरकुरतो असं आई सांगते. याचे हात पुस्तकाची पानं उलटण्यापुरतेच आहेत, असं तुम्ही त्या वेळी चारचौघांत म्हणालात. मी ते मनावर घेतलेलं नाही. तुळसामामींना नमस्कार. इकडे मी सोडून सगळ्यांचं उत्तम चाललं आहे. माझं काय झालं ते जरा सविस्तर लिहितो.

मंदाकिनीबद्दल तुमच्या कानावर आलंच असेल. (गोमाजीकाकांची थोरली. आई तिचं नाव काढते तेव्हा मुद्दाम चुलीकडे बघते, त्यावरून आईला सगळं माहीत असावं.) मॅट्रिक होऊन मला पाच वर्षं झाली, नोकरीचा पत्ता नाही, म्हणून काका मुलगी द्यायला तयार नव्हते. इंग्रजीने कुणाचं पोट भरतं हेच मुळात त्यांना पटत नव्हतं. अशात घोडबंदरच्या वाटेवर नवा कारखाना उभा राहू लागला, आणि तिथल्या गोऱ्या साहेबाला इंग्रजी हुकूम कळणारे आठ गडी हवे आहेत अशी बातमी आली. काकांनी मला ओटीवर बोलावलं आणि सांगितलं, माझा मुलगा नामा आणि त्याच्या होडीवरचे सात जण तुझ्या इंग्रजीने आत गेले तर मंदाकिनी तुझी. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. विचार नंतर केला.

वर्ग काकांच्याच ओटीवर भरे. वेळ मात्र माझ्या हातात नव्हती; ती भरतीच्या हातात होती आणि रोज पाऊण तासाने पुढे सरके. उधाणाच्या दिवशी सुट्टी. आठही जण जाळी विणत बसायचे, कारण हात रिकामे असले की त्यांना झोप येते. मंदाकिनी आत दाराआड, तीही जाळंच विणत. हुकूम समजायचे म्हणजे कॅन, मे, मस्ट, शुड, विल ही मंडळी आधी ओळखीची व्हायला हवीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. आपल्याकडे माणूस ‘जाऊ शकतो’, म्हणजे जाणं आधी आणि शकणं मागून. इंग्रजीत शकणं पुढे होतं. आणि एरवी ‘ही गोज’ म्हणून शेपटी हलवत फिरणारं क्रियापद, पुढे कॅन येऊन उभा राहिला की शेपटी, टोपी, वहाणा सगळं उतरवून नुसतं ‘गो’ होऊन बसतं. नवा जावई पहिल्यांदा सासऱ्यासमोर बसतो तसं. हे मी पंधरा दिवस समजावलं. पंधरा दिवसांनी भिवा म्हणाला, ‘ही गोज कॅन्स.’ बाकीच्या सात जणांनी मान डोलावली. मला रडू आलं होतं, पण आत मंदाकिनी होती, म्हणून खोकलो.

उपाय नामाने काढला. तो म्हणाला, “मास्तर, आमी होरी वर घेताव तवा कसा करताव? एक जन हाळी देतो, बाकीचे वरतान. हाळी बदलंल, वरना तोच.” हाक बदलली तरी ओढणं तेच! मामा, पाच वर्षं मी व्याकरण वाचतो आहे, इतकं सरळ कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. त्या दिवसापासून नामा हाळी द्यायचा, ‘कॅन!’ की सात जण जाळं झटकून ‘गो!’ ‘मस्ट!’ ‘गो!’ ‘शुड!’ ‘गो!’ आठवड्यात त्यांचं कम, लिफ्ट, स्टँड, पुश सगळं झालं. एकही शेपटी चुकून राहिली नाही. आवाज टेंभी नाक्यापर्यंत जातो अशी तक्रार आली, ती मी प्रशंसा म्हणून घेतली.

परवा गुरुवारी परीक्षा होती. साहेबाच्या खोलीत आठ जण ओळीने शिरले, मी दाराशी. साहेब सौजन्याने म्हणाला, ‘यू मे कम इन.’ नामाला मे ऐकू आला. म्हणजे हाळी झाली. आठही जणांनी जमिनीवर पाय आपटून आरोळी ठोकली, ‘कम इन!’ साहेबाच्या हातातला चहा बशीत आला. तो म्हणाला, ‘यू मस्ट स्टँड क्वाएटली.’ त्यांनी तेही सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने. (‘क्वाएटली’ मी शिकवला नव्हता, पण त्यांनी उचलला. मला त्या परिस्थितीतही अभिमान वाटला.) साहेब उठून खिडकीशी गेला. बाहेर लॉरीवरून उतरवताना यंत्राची एक भली मोठी पेटी खड्ड्यात घसरली होती आणि वीस-पंचवीस मजूर तिच्याभोवती आपापल्या परीने ओरडत होते. साहेब वैतागून स्वतःशीच म्हणाला, ‘कॅन नोबडी लिफ्ट इट?’

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण ‘लिफ्ट!’ म्हणून आठ जण माझ्या अंगावरून बाहेर गेले. उठून पाहतो तो दोर बांधून झाले होते, नामा पेटीवर चढून हाळी देत होता, ‘कॅन!’ ‘लिफ्ट!’ ‘मस्ट!’ ‘लिफ्ट!’ एवढ्यात नामाचा घसा बसला. तेव्हा साहेब स्वतः खाली उतरला आणि टोपी काढून ‘विल!’ म्हणून ओरडला. पेटी वर आली.

आठही जण त्याच दिवशी लागले. कायमचे, पण खलाशी म्हणून. जड यंत्रं ओढणाऱ्याला कारखान्यातही खलाशीच म्हणतात. तिथल्या हेडक्लार्कने अर्जावरची ‘इंग्रजी येणे आवश्यक’ ही ओळ माझ्यासमोर खोडली. संध्याकाळी मी पेढे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “ह्या त माझे पोरांना पैलेपासून येत व्हता. तुजी इंग्रजी कवा लागली?” मंदाकिनीने आतून पाणी पाठवलं, स्वतः आली नाही. मामा, मला फार वाईट वाटलं. घरी येऊन जेवलो नाही.

असो. तुमची खुशाली कळावी एवढ्याचसाठी हे पत्र. दुसरं काही कारण नाही.

तुमचा भाचा,
मधू

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. त्याच दिवशी, पेटी निघाल्यावर, कारकुनाच्या जागेसाठी मीही साहेबाला भेटलो. तो म्हणाला, ‘यू मे सिट डाउन.’ महिन्याभराची सवय; मी पाय आपटून ‘सिट डाउन!’ असं ओरडलो. साहेब घाबरून बसला. मी उभाच राहिलो. जागा दुसऱ्याला मिळाली.

पुन्हा ता. क. खलाशांत नववी जागा रिकामी आहे. नामाने साहेबाकडे माझ्यासाठी शब्द टाकला आहे आणि येत्या शुक्रवारी दोर ओढून दाखवायचा आहे. काका म्हणतात, लागलास तर बघू. सोमवारी सकाळी मी डोंबिवलीला येतो. तुमची होडी पाण्यात असली तर वर घेऊ, वर असली तर पाण्यात ढकलू, आणि मग पुन्हा वर घेऊ. चार दिवस हेच करू. या खेपेस दोरी सोडणार नाही. आईला सांगू नका.

आणखी एक. मंदाकिनीचं म्हणणं नामाकरवी आत्ताच आलं, तिच्याच अक्षरात, जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेल्या कागदावर: ‘ही कॅनॉट लिफ्ट. ही मस्ट लिफ्ट. ही विल लिफ्ट.’ मी दोनदा तपासलं. चूक एकही नाही.