सकाळ की संध्याकाळ

दादा, आमच्या कॉलनीवर घोर अन्याय झाला आहे. घंटागाडीने वेळ बदलली. वर्षानुवर्षं सकाळच्या दुसऱ्या चहाला येणारी ही महाराणी आता मनात येईल तेव्हा येते, आणि लेखांतून मंत्र्यांच्या टोप्या उडवणारा मी ओल्या कचऱ्याची बादली धरून फाटकाशी प्रजेसारखा उभा असतो. परवा दुपारी डोळा लागला होता, तिच्या गाण्याने दचकून उठलो. बाहेर तांबूस उजेड. सकाळ की संध्याकाळ, काही कळेना. छातीत असं धडधडायला लागलं की पलंगाची कड धरून बसलो. तेव्हा तुम्ही आठवलात.

सातपूरच्या कारखान्यात तुमची रात्रपाळी असली की तुम्ही दिवसा झोपायचात, आणि आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. वरण उघड्या पातेल्यात शिजायचं. तिन्हीसांजेला तुम्ही ताडकन उठून बसता. "सकाळ झाली? पाळी बुडाली का माझी?" आम्ही भावंडं तोंडावर हात धरून हसतो. आई म्हणते, "अहो, दिवा बघा ना. आत्ताच लावलाय." तो दिवा ती मुद्दाम तुमच्या नजरेसमोरच्या कोनाड्यात ठेवायची. तो दिसला की तुमचे खांदे खाली यायचे. मला वाटायचं, दादा गंमत करतात.

डॉक्टर म्हणतात, शरीराचं घड्याळ बिघडलं की काळजी वाढू शकते, काळजीने झोप आणखी बिघडते. आधी काय, ते सांगता येत नाही. "ठरल्या वेळी झोपत जा." म्हटलं, "तशी चिठ्ठी मुलीच्या कंपनीला देता का?" तुमची नात आता त्याच सातपूरला जाते, दर आठवड्याला पाळी बदलते, आणि तिची स्कूटर फाटकात शिरेपर्यंत माझा डोळा लागत नाही. "बाबा, झोपा हो तुम्ही, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणते. पण गेल्या आठवड्यात दिवस मावळताना तिच्या खोलीतून हाक आली, "बाबा! सकाळ झाली का?" आवाज तिचा, घाबरणं तुमचं. मला हसू आलं नाही. नाक तुमचं घेतलंय तिने, ते ठीक आहे. हेही घेतलं असेल तर?

आज ती झोपली आहे. कुकर लावलेला नाही. ऊन उतरल्यावर दिवा लावला आणि तिच्या दाराशी, उठल्याबरोबर दिसेल असा ठेवला. तुमच्या वेळी हे आईने केलं, माझ्याकडे फक्त हसण्याचं खातं होतं. शेजारी बसून हे लिहितो आहे. तिच्यासाठी म्हणून लावला खरा. पण मघापासून त्याच्याकडे मीच बघतो आहे.