‘मोरुना’ पाणबुडी पाण्याखाली नेण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
नौदल मालमत्ता व वापर कक्ष, वार्ना.

विषय : देशाची एकुलती एक पाणबुडी एकदा तरी पाण्याखाली जाऊ देण्याबाबत.
संदर्भ : पाणबुडी दल महिनाअखेर आपोआप संपुष्टात येईल, असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार ल्यूबेन कारास्तोयानोव्ह, ‘मोरुना’चे मुख्य यंत्रचालक, सविनय कळवितात की, नियमानुसार निदान एक अनुभवी खलाशी असल्याखेरीज पाणबुडीने बुडी मारू नये, आणि बुडी मारल्याखेरीज खलाशी अनुभवी धरू नये. बोट कित्येक वर्षे धक्क्याला बांधून आहे. अनुभवी असे एकटे अर्जदार उरले असून ते महिनाअखेर निवृत्त होत आहेत. बाकीचे सहाही जण बोट बांधल्यानंतर भरती झालेले, म्हणजे कागदोपत्री कोरडे.

२. आपल्याकडील रिवाज आपणांस ठाऊक आहेच. पहिल्या बुडीत, खोल पाण्यात, दिव्याच्या काचेच्या झाकणातून समुद्राचे पाणी एका दमात प्यायचे. त्यानंतरच माणूस दलाचा. ही अडचण मांडली असता आपल्या कक्षाच्या तुंबेवाबाई म्हणाल्या, “पाणी तेच ना हो? मग वरच पिऊन टाका की!” त्यावर आमचे वीजतंत्री रूसी यांनी झाकण खाली ठेवले व अर्जदारास म्हणाले, “छे हो काका! बांधलेल्या बोटीत बसून खारं पाणी तर माझी सासूही पिईल.” रूसींच्या पत्नीस शेजारणी विचारतात, “तुझा नवरा पाणबुडीवर ना गं? मग रोज संध्याकाळी मिरच्या घ्यायला बाजारात कसा दिसतो?” रूसींच्या पत्नीने तो प्रश्न अर्जदाराकडे पाठविला. अर्जदार तो आपणांकडे पाठवीत आहेत.

३. दरम्यान आपल्या कक्षाने बोटीची नोंद ‘इमारत’ या सदरात केल्याने अग्निशमन विभागाने तिला बाहेरून जिना लावण्यास व दोन खिडक्या पाडण्यास सांगितले आहे. खिडक्या पाडल्यास बोटीच्या मूळ कामात अडथळा येईल, असे अर्जदाराचे नम्र मत आहे. जिन्याबद्दल तक्रार नाही.

४. टाक्या, झडपा व बॅटऱ्या तपासल्या असून बोट जशी खाली जाईल तशी वरही येईल. समुद्रात जाण्यास आपली हरकत असल्यास धक्क्यालगतचे पाणी पुरेसे खोल आहे. दोर सैल सोडून, पण न सोडता, बुडी मारता येईल. म्हणजे बोटीने धक्का सोडला असे कोणासही म्हणता येणार नाही.

महोदय, अर्जदारास निवृत्तीचे दुःख नाही. आपल्यामागे दिवा मालवायलाही कोणी उरणार नाही, याची मात्र भीती वाटते, आणि ती लपविण्यात अर्थ नाही.

५. यापूर्वीच्या चार अर्जांस उत्तर आले नाही. मुदतीत नकार न आल्यास परवानगी समजावी, असे आपलेच परिपत्रक आहे. तरी गुरुवारी सकाळी आपली इमारत जागेवर न दिसल्यास कृपया शोधपथक पाठवू नये. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती वर येईल, आणि त्या वेळी दलात सहा अनुभवी खलाशी असतील.

कळावे, तसदीबद्दल क्षमस्व.

आपला नम्र,
ल्यू. कारास्तोयानोव्ह
वार्ना, बुधवार

सोबत : अर्जदाराचा निवृत्तीचा अर्ज. (बोट वर आल्यावरच उघडावा.)