‘बाटगी’ हा शब्द मागे घेण्याबाबत

मी, चंद्रप्रकाश शमुवेल रणनवरे, वय ७४ वर्षे, औषध कारखान्यातला निवृत्त कामगार, राहणार नवघर रोड, मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र शुद्धीत, समजून-उमजून लिहितो आहे. ते लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. मला कोणी काही करायला भाग पाडू शकले असते, तर यातले एक कलम लिहायची वेळ आली नसती. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत माझे स्वरयंत्र काढले. डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद पुढे आणला तर तो खोटा समजावा.

कलम १. नवघर रोडवरचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मुलगा सुयोग आणि मुलगी सपना यांना निम्मे-निम्मे मिळावे. सपना अकरा वर्षांपासून आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात, नर्स आहे. पहिल्या मसुद्यात मी ‘तिने एकदा तरी या घरी यावे’ अशी अट घातली होती. ती खोडली. जिवंतपणी पुष्कळ अटी घालून झाल्या आहेत.

कलम २. बँकेतली ठेव सुयोगची. आधी त्याच्या आईच्या आणि मग माझ्या आजारपणात तोच धावला. त्याने मला कधी उलट उत्तर दिले नाही. द्यायला हवे होते.

कलम ३. माझी सर्व पुस्तके भांडुपच्या बुद्धविहारात भीमराज जाधव चालवतो त्या वाचनालयाला द्यावीत. एका कारखान्यात, एकाच गेटवर, तीस वर्षे आम्ही दोघांनी भाषणे केली. धर्मांतरावरच्या पुस्तकांच्या समासात मी लेखकांशी पेन्सिलीने भांडलो आहे; ते खोडू नये. हे लिहीत असताना भीमराज शेजारी बसून विचारतो आहे, “साक्षीदार मी का नाही रे? माझी सही काय वाईट आहे?” भीमराज, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. गप्प बस.

कलम ४. गेटसभेचा भोंगा भंगारात द्यावा. त्याचे स्मारक करू नये. गळ्याला लावून बोलायचे यंत्र एखाद्या गरजू रुग्णाला द्यावे. ते मी एकदाच वापरले आहे. कशासाठी, ते पुढे येईल.

कलम ५. पितळी कातण, म्हणजे करंजीची कड कापायचे दातेरी चाक, सपनाला पाठवावे. सोबत चिठ्ठी घालू नये.

ते माझ्या आजीचे. नेवाशाकडच्या गावी आजी-आजोबा ख्रिस्ती झाले, त्या वर्षी दिवाळीला आजीने शेजारी पाठवलेल्या करंज्या ताटासकट परत आल्या. वस्तीच्या विहिरीवर बायका तिला ‘बाटगी’ म्हणाल्या आणि तिची घागर खाली ठेवायला लावली. आजीने दिवाळी सोडली, करंजी सोडली नाही. ती नाताळात करू लागली. मिशनच्या मॅडमने नाक मुरडले, “हे तर हिंदूंचे पक्वान्न.” दोन्हीकडून मार खाऊन जी करंजी टिकली, तिला आज मुलुंडची आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, ‘अस्सल मराठी नाताळ’ म्हणते. हा इतिहास मी शेकडो सभांतून सांगितला आणि टाळ्या घेतल्या.

आयर्लंडला निघताना सपनाने हे कातण मागितले होते. “तिकडं याने काय केक कापणार?” असे म्हणून मी दिले नाही. तिकडे ती करंजीच्या कडा काट्याने दाबून बंद करते.

कलम ६. हे कलम मालमत्तेचे नाही. तरीही ते पाळले नाही, तर बाकीचे पाळून उपयोग नाही.

डिसेंबर २०१९. सपनाने फोटो पाठवला. कॉर्कमधल्या मराठी आणि केरळी नर्सेसनी मिळून नाताळ केला होता. खिडकीत आपली कागदी चांदणी, तिच्याखाली पेटती मेणबत्ती. त्या देशात चोवीस तारखेला घरातले सर्वांत लहान मूल खिडकीत मेणबत्ती लावते. वाटेत असलेल्या कोणालाही हे दार उघडे आहे, असा त्याचा अर्थ. ती लावली होती सपनाच्या तेजलने, तीन वर्षांच्या माझ्या नातीने. टेबलावर करंज्या होत्या. ओले खोबरे मिळेना म्हणून आत तिथले नाताळचे सारण भरलेले, मनुका आणि सफरचंद ब्रँडीत मुरवून केलेले. खाली सपनाने लिहिले होते, “पप्पा, शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी सहा खाल्ल्या. पणजीच्या करंजीला इथं घर मिळालं.”

सव्वीस तारखेला मंडळीच्या सभागृहात माझे भाषण होते. विषय, आपली ओळख. मंडळीचा सचिव अनिरुद्ध साळवे दर वर्षी दहा मिनिटे झाली की माझा माइक बंद करतो.

“काका, दहा मिनिटं झाली.”

“अरे, आपण प्रभूची दोन हजार वर्षं वाट बघतोय, तू माझी पाच मिनिटं बघ.”

सभा हसली. हशा आला की माझी जीभ सुटते. मी फोन उंच धरून तो फोटो सभेला दाखवला. म्हणालो, “ही बघा माझ्या पोरीची करंजी! अंगावर आपलं लुगडं, पोटात त्यांची दारू. बाटगी करंजी!”

तीनशे माणसे हसली. नेमका त्या दिवशी अनिरुद्धने माइक बंद केला नाही. त्याला मी बाकी सगळ्या वर्षांबद्दल माफ केले आहे, त्या एका दिवसाबद्दल नाही.

कोणीतरी व्हिडिओ काढला होता. रात्रीच्या आत तो कॉर्कला पोहोचला. तिथल्या मैत्रिणी सपनाला थट्टेत “काय गं बाटगी” म्हणू लागल्या. तिचा फोन आला.

“पप्पा, पणजीला विहिरीवर म्हणाले तोच शब्द?”

“विनोद होता गं. एवढं काय मनाला लावून घेतेस?”

“मिसळलं नाही तर इथं आपलं काही उरतच नाही, पप्पा. हे तुम्हीच शिकवलंत ना?”

“भाषण मला शिकवू नकोस,” मी म्हणालो.

ते आमचे शेवटचे बोलणे.

पुढच्या नाताळात माझी बायको प्रेमा हिने मुलुंडच्या आमच्या खिडकीत मेणबत्ती लावली. “पडदा पेटेल,” म्हणून मी ती फुंकली. प्रेमा म्हणाली, “पडद्याची काळजी आहे तुम्हाला.” एप्रिल २०२१ मध्ये ती साथीत गेली. कबरीशी आम्ही पाच जण होतो. विमाने बंद. सपना सुयोगच्या फोनवरून पाहत होती. माती टाकताना तिचा आवाज मी ऐकला, “दादा, कॅमेरा पप्पांकडे फिरवू नकोस.”

त्यानंतरही दोन वर्षे माझा आवाज शाबूत होता. तो शब्द ज्या जागी उच्चारला त्याच जागी मागे घ्यायचा, हे मला ठाऊक होते. चौकात थोबाडीत मारून घरात गाल कुरवाळण्याला मी माफी मानत नाही, म्हणून पत्र लिहिले नाही. दर डिसेंबरला ठरवले, आणि दर डिसेंबरला दुसऱ्याच विषयावर बोललो. २०२३ च्या नाताळात नक्की बोलणार होतो. ऑक्टोबरात गळा कापला गेला.

मग ते यंत्र आणले. “सपना, चुकलो मी,” एवढेच तीन शब्द महिनाभर घोटले. आवाज मिक्सरसारखा येतो. फोन लावला. तो तेजलने उचलला. मी बोललो. ती ओरडली, “ममा, रोबोटचा फोन आहे!” आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला नाही. चूक माझी, त्यात पोराला का घाबरवायचे?

म्हणून माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या नाताळ कार्यक्रमात, त्याच सभागृहात, त्याच माइकवरून पुढील मजकूर वाचावा. वाचणारा अनिरुद्ध साळवे. त्यालाच मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो. मी हे लिहून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “काका, मी कसा वाचू? मी तर अडखळतो.” मी पाटीवर लिहिले, “अडखळ. यावर कोणी हसणार नाही.”

मजकूर:

“माझी आजी बाटगी होती. मी बाटगीचा नातू. ज्यांना त्या शब्दाने हाकलले, त्यांच्यातल्याच एकाने तो उचलून आपल्या लेकीवर फेकला, आणि तुम्ही हसलात. जी करंजी परक्या देशात एका एकट्या म्हातारीच्या ताटात गेली, ती माझ्या आजीचीच होती. तिचे ताट परत पाठवणारा मी. सपना, तो शब्द मी मागे घेतो. तुझी आई हे ऐकायला नाही, हेही मी केलेल्या उशिरामुळेच.”

वाचताना कोणीतरी व्हिडिओ काढावा आणि पूर्वीचा व्हिडिओ ज्या ग्रुपवर फिरला त्याच ग्रुपवर टाकावा. सपनाला वेगळा फोन करू नये. “पप्पांनी माफी मागितली, आता तरी विसर” असे सुयोगने, भीमराजने, पाळकांनी, कोणीही तिला म्हणू नये. तिने तो पाहिला की नाही, हे कोणी तपासत बसू नये. विसरायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे.

कलम ७. मला प्रेमाशेजारी पुरावे. कबरीवर नाव आणि तारखा एवढेच असावे; ‘थोर वक्ता’ लिहू नये. भाषणे करू नयेत. दर चोवीस डिसेंबरला नवघर रोडच्या खिडकीत सुयोगने मेणबत्ती लावावी. पडदा आधी काढून ठेवावा.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले असून साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

मुलुंड, मुंबई
दिनांक १ डिसेंबर २०२५

(सही) चंद्रप्रकाश शमुवेल रणनवरे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. शर्मिष्ठा केळकर, मुलुंड पूर्व
२. (सही) चैतन्य राऊत, शेजारी

साक्षीदारांची नोंद: लिहून देणार यांना बोलता येत नसल्याने आम्ही हे मृत्युपत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. प्रत्येक कलमाला त्यांनी मान हलवून संमती दिली. कलम ६ मधला मजकूर त्यांनी आम्हाला तीन वेळा वाचायला लावला. तिन्ही वेळा तो वाचला जात असताना त्यांचे ओठ हलत होते.