बरोबर नंबरचा पट्टा

प्रिय कृतिका,

सकाळी फोनवर मी एवढंच म्हणालो की गवत कापायच्या गाडीची किल्ली काढून घे आणि कुणालाही तिच्यावर बसू देऊ नकोस. तू तीनदा 'पण का?' विचारलंस. मी 'ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय' म्हणून फोन ठेवला. त्याने दिलेल्या काळ्या पट्ट्याच्या वेटोळ्यात हा कागद सापडला असेल. मानेसरच्या अर्ध्या कारखानदारांशी तुझा बाप तोंड वर करून भांडलाय, पण हे बोलायला त्याला कागद लागला.

तुझा परवाचा व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. तुझे सासरे विठ्ठलराव गाडीखाली आडवे, सदऱ्याला ग्रीस, आणि तू टॉर्च धरून बसलेली. बाळा, तो टॉर्च माझा होता गं. सातवीत असताना आपल्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्या खांद्यामागून तू असाच धरायचीस. हात हलला की मी ओरडायचो आणि तू म्हणायचीस, 'ओरडा, पण नट सांडू नका.' आता विठ्ठलरावांच्या हातून नट सांडला, तर तू हसून उचलून दिलास. मग इशिता टाळ्या पिटत ओरडली, 'आबाने ठीक केली! आबा बेस्ट आहे!' चार महिन्यांपूर्वी मी तिची सायकल दुरुस्त केली, तेव्हा मला नुसतं 'थँक्यू नानू' मिळालं होतं.

विठ्ठलराव सज्जन माणूस. चौतीस वर्षं सरकारी फायलींवर काढली आणि निवृत्तीनंतर तुमच्या नर्सरीत पाना हातात घेतला. कौतुकच आहे. पण ती गाडी मी आणलेली. सोहना गावात तुमच्या नर्सरीची पाटी लागली, त्या आठवड्यात एका बंद पडलेल्या गेस्टहाउसमधून उचलली आणि महिनाभर खपून जिवंत केली. तिचा एकेक आवाज मला माणसाच्या खोकल्यासारखा ओळखू येतो. ती बिघडली तर फोन मला यायला हवा होता. तो आला, पण तुझा नाही, त्यांचा. 'अंबादासराव, जरा पट्ट्याचा नंबर सांगता का? बाकी आम्ही बघतो.' 'आम्ही' म्हणजे ते आणि तू. तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

आता व्हिडिओचा शेवट बघ. विठ्ठलराव इशिताला मांडीवर घेऊन चक्कर मारतात आणि पाण्याच्या टाकीसमोर पेडल दाबतात. पेडल दाबलं की पट्टा सैल पडून पुलीवरची त्याची पकड सुटायला हवी आणि गाडी जागीच थांबायला हवी. पट्ट्याची घरघर थांबतच नाही, ऐक. गाडी हातभर पुढे सरकते. तुम्ही सगळे हसता, विठ्ठलराव म्हणतात, 'उतार आहे.' तिथे उतार नाही. ती जमीन मी सपाट करून घेतली आहे.

त्यांनी मोटारीच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून त्याच नंबरचा उघड्या रबराचा पट्टा आणला. लांबी तीच, रुंदी तीच, पण उघडं रबर पुलीला चिकटून राहतं. या गाडीला कापडात गुंडाळलेलाच पट्टा लागतो. हे दुकानदाराला ठाऊक नसतं, विठ्ठलरावांना कुठून असणार? मला ठाऊक होतं. त्यांनी विचारलं तेव्हा ते माझ्या जिभेवर होतं. मी नंबर सांगितला आणि गप्प बसलो. वाटलं, बसवू देत चुकीचा. दोन दिवसांत गाडी हट्ट करेल, मग कृतिका फोन करेल, 'बाबा, तुम्हीच या.' त्या गाडीवर इशिता बसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काल अकराव्यांदा पाहताना नजर पहिल्यांदा टाकीच्या सिमेंटच्या कडेवर गेली. आणि तिच्या गुडघ्यांवर.

विठ्ठलरावांना हे पत्र वाचायला दे. चूक त्यांची नव्हती, हे त्यांना माझ्याच अक्षरात कळू दे. हा पट्टा त्यांच्याच हातून बसवून घे, टॉर्च तू धर. मग इशिताला लांब ओट्यावर उभं करून त्यांना पेडल दाबायला सांग आणि फोन गाडीजवळ धर. मी इथून ऐकतो. घरघर थांबली तर फोन त्यांच्याकडे दे, मला त्यांना शाबास म्हणायचंय. आणि आज तू माझ्याशी बोलली नाहीस, तरी चालेल.

तुझाच,
बाबा