आपल्या आडनावातलं घोंगडं

पाटोदा, जि. बीड

तीर्थस्वरूप राधाकिशनकाकांच्या पायांवर रामेश्वरचं डोकं. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? काकू म्हणाल्या, तेल चोळून घेता आणि वर डॉक्टरांना नावं ठेवता, म्हणजे तब्येत ठीक दिसते. इकडे उन्हानं जीव नकोसा केलाय, बाकी सगळं बरं. फोनच केला असता, पण तुम्ही मधेच तोडता (रागावू नका), म्हणून कागद घेतला.

आडनाव बदलायच्या अर्जावर माझी एकट्याची सही राहिलीय, हे तुम्ही चार वेळा कळवलंत. आपण मूळचे शुद्ध जोशी. 'घोंगडेजोशी'तलं घोंगडं निजामाच्या काळात कुणा कारकुनानं चिकटवलं. त्याचा पुरावा आण, असा तुमचा हुकूम. खरं सांगतो, मलाही ते झटकायचंच होतं. तीस वर्षं गणित शिकवतोय, अजून पोरं पाठीमागून 'घोंगडं आलं' म्हणतात. कपिलधारच्या अलीकडे धुळाजी नावाच्या धनगरांच्या घरी आपली जुनी हकीकत माहीत आहे असं कळलं, म्हणून रविवारी वंशावळीची गुंडाळी काखेत मारून निघालो. (इस्त्रीचा सदरा घातला होता. मोटारसायकलीवर, त्या धुळीत. असो.)

पोचलो तर दारात मांडव. धुळाजींच्या नातीचं, आरोहीचं लग्न, तीनशे माणूस. मी मुकाट्यानं कोपरा धरला. शेजारच्यानं नाव विचारलं, मी पूर्ण सांगितलं, आणि काका, वाजंत्री थांबली हो! धुळाजी स्वतः आले आणि मला हाताला धरून नवरा-नवरीजवळ घेऊन गेले. तिथे एक काळं घोंगडं अंथरलेलं, वर कुणीच नाही. मांडवात माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, पण त्या घोंगड्यावर कुणी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. "ही जागा तुमचीच हाय," ते म्हणाले, "बसा."

मग त्यांनी सांगितलं. पटकीच्या साली त्यांच्या वाड्यावर लग्न ठरलेलं (मेंढ्यांच्या वाड्यावर; आपल्यासारख्या चिरेबंदी नव्हे), आणि रोगाच्या भीतीनं कुणी तिकडे फिरकेना. वंशावळीतले आपले रंगोपंत तेवढे गेले, लग्न लावलं आणि स्वतःच आजारी पडले. नवरदेवानं आपलं घोंगडं त्यांच्यावर घातलं, नऊ दिवस त्यांचं सगळं केलं. बरे होऊन ते घोंगडं पांघरून गावात परतले, तर लोकांनी 'घोंगडेजोशी' म्हणून चिडवायला सुरुवात केली. पंतांना ते चिडवणंच आवडलं. यापुढे मला याच नावानं हाक मारा, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. तेव्हापासून धुळाजींच्या घरात पहिली अक्षता घोंगडेजोशाची. जोशी नसेल तर रिकाम्या घोंगड्यावर मूठभर तांदूळ ठेवून मगच लग्न लागतं. आपल्याकडून शेवटचे आजोबा गेले होते. काका, सत्तर वर्षं त्या घरानं रिकाम्या घोंगड्याला मान दिला आणि आपण इकडे कारकून शोधत बसलो. मला लाज वाटली.

पुढची फजिती ऐका. भटजी हजर होते, पण सगळ्यांचा आग्रह, एक तरी मंगलाष्टक जोशीबुवांनी म्हणावं. मला एक येईल तर शपथ. शेवटी मंगलाष्टकाच्या चालीवर रामरक्षेतले दोन श्लोक ओढूनताणून बसवले. भटजींनी डोळे मिटून घेतले. बाकी सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

नंतर धुळाजींच्या आईंना, बायडाबाईंना, माझ्याजवळ आणलं. पंचाऐंशीच्या पुढे वय, डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्या लग्नात पहिली अक्षता आजोबांनी टाकली होती. त्यांनी आधी घोंगडं चाचपलं, मग माझा गुडघा, मग तोंडावरून हात फिरवला. "आलास का रं जोशीबाबा? लई वाट बघाय लावलीस."

वंशावळ उलगडलीच नाही.

काकूंना नमस्कार. आरोहीच्या लग्नातले लाडू सोबत पाठवतोय, तुम्ही एकच खावा.

आपला,
रामेश्वर

ता. क. सोबत अर्ज आहे. सही केलेली नाही.

ता. क. २ : अक्षय तृतीयेला धुळाजींच्या नातवाचं, तानाजीचं लग्न आहे. मंगलाष्टकं तुम्हाला आठही येतात. गुडघ्याचं कारण सांगू नका, मी गाडी करून न्यायला येतो.

ता. क. ३ : तुम्ही येणार हे मी तुम्हाला न विचारता बायडाबाईंना सांगून टाकलंय. त्यांनी तुमचं नाव विचारलं, मी आडनावासकट पूर्ण सांगितलं. त्यांनी ते म्हणून म्हणून पाठ केलंय. आता या वयात त्यांना दुसरं पाठ करायला लावू नका.