रॉनने न घेतलेली रायफल

शनिवार संध्याकाळ, डार्विन, ऑस्ट्रेलिया

आज ऑफिसमधल्या रॉनबरोबर जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनाला गेलो. त्याच्याकडे जुन्या बंदुका जमवायचं लायसन्स आहे. मला चकचकीत रायफली आवडल्या. त्याने मात्र एका आजींच्या टेबलावरची, नवऱ्याच्या पश्चात राहिलेली, ओरखडे पडलेली रायफल उचलली.

"पॉलिश केली की किंमत गेली, मेट. हिच्या सगळ्या भागांवरचे नंबर जुळतात, म्हणजे एकही भाग बदललेला नाही. ओरखडेसुद्धा मूळचे," तो माझ्या कानात म्हणाला. किती वर्षं शोधत होता हीच! आजी तर अगदी स्वस्तात द्यायला तयार. मी असतो तर? गुपचूप घेतली असती, खोटं कशाला बोलू.

रॉन त्यांना म्हणाला, "ही दुर्मिळ आहे. घाई करू नका, आधी जाणकाराला दाखवा."

आजींनी ती परत पेटीत ठेवली. ते ओरखडे अजून डोळ्यांसमोर आहेत. रॉन रिकाम्या हातांनी गाडीत बसला आणि हसून म्हणाला, "काय सुंदर होती रे!"