तांबड्या लुगड्याबाबत खुलासा

प्रति,
मा. तलाव देखरेख अधिकारीसाहेब,
तलाव कचेरी, मुक्काम लोणावळे, जिल्हा पुणे.

अर्जदार : चिमाबाई शिदू हिलम, राहणार वरची ठाकरवाडी, तालुका मावळ.

विषय : तळ्यावरील वाऱ्याची आगाऊ सूचना देण्यासाठी सरकारी तांबडे कापड मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दिनांक २ मे १९७४ चे पत्र. (निशाण म्हणून वापरात असलेले लुगडे खाजगी की सार्वजनिक, याचा खुलासा मागितल्याबाबत.)

महोदय,

आपले पत्र मिळाले. चिमाबाईला अक्षरओळख नसल्याने ते मी, वाडीच्या शाळेचा मास्तर, तिला दोनदा वाचून दाखवले. तिने सांगितलेली हकीकत तिच्या वतीने सादर करतो.

१. तळ्याच्या पश्चिमेस डोंगरात खिंड आहे. चैत्र-वैशाखात दुपार कलली की कोकणातला वारा तिच्यातून सुटतो आणि आरशासारख्या पाण्यावर कमरेएवढ्या लाटा उठतात. वाडीच्या होड्या दोन माणसांच्या. पाण्यावर काठ चार बोटे. लाट समोरून घेतली तर होडी चढून जाते, आडवी घेतली तर भरते. जाळे ओढताना होडी नेमकी आडवीच असते. चिमाबाईला हा वारा आधी कळतो. खिंडीवर घिरट्या घालणाऱ्या घारी उतरून झाडांवर बसल्या की अर्ध्या तासात वारा पाण्यावर येतो, हे तिला तिच्या बापाने शिकवले. घारी बसल्या की ती आपले तांबडे लुगडे टेकाडावरच्या वेळूला बांधते. ते पैलतीरावरून दिसते व होड्या माघारी फिरतात. गेल्या सहा वर्षांत वाडीचा एकही माणूस बुडालेला नाही.

२. सदर लुगडे तिला भावाने भाऊबीजेला दिलेले आहे. दुसरे आहे ते एकेकाळी हिरवे होते; आता वाळल्या गवतात ठेवले तर सापडायचे नाही. तांबडे वाऱ्याने फाटल्याने आजवर तीनदा दंड घालून शिवावे लागले.

३. दिनांक १० मे रोजी कान्हे येथे त्याच भावाच्या मुलीचे लग्न होते. “भावाच्या मांडवात मी गवताच्या रंगाची जाऊ व्हय?” असे अर्जदारणीचे म्हणणे, व ते मला रास्त वाटते. ती तांबडे नेसून गेली. जाताना घारींवर नजर ठेवण्यास शेजारीण बयाबाईस सांगून, निशाणासाठी तिच्याकडे आपल्या नवऱ्याचे धोतर देऊन गेली. (नवऱ्याचे नाव ती घेत नाही. ते वर मी लिहिले आहे.)

४. शिदू सोयऱ्यांसाठी मासे घेऊन मागाहून येणार होता. तो व त्याच्या होडीतला जोडीदार नवसू पाण्यात होते. घारी बसल्या, बयाबाईने इमानाने धोतर चढवले. नवसू म्हणाला, “भाऊ, टेकाडावर कायतरी फडफडतंय.” शिदूने मान वर करून पाहिले. “माजं धोतर हाय. वाळत घातलंय. तू जाळं वढ.”

मग वारा आला. पहिल्या लाटांनीच होडीत घोट्याएवढे पाणी आले. जाळे बुडातल्या खोडाला अडकल्याने तोंड वाऱ्याकडे वळेना. नवसू जाळे कापायला उभा राहिला. लहान होडीत वाऱ्यात उभे राहू नये हे त्याला ठाऊक होते, पण बसून हात पोचत नव्हता. होडी पालथी झाली. दोघे तिच्या पाठीला चिकटून राहिले व दीड तास वारा नेईल तिकडे गेले. नवसूचा खांदा निखळला होता. शिदूने त्याची मूठ आपल्या कमरेच्या करगोट्यात अडकवून ठेवली आणि त्याला झोप येऊ नये म्हणून सगळा वेळ शिव्या दिल्या. अखेर पूर्वेच्या काठावर चिखलात दोघे फेकले गेले. तिथून कान्हे दोन कोस.

५. दिवेलागणीला दुसरी पंगत बसत असता मांडवाच्या तोंडाशी चिखलाने माखलेली दोन माणसे उभी राहिली. चिमाबाई भात वाढत होती. तिने नवऱ्याकडे पाहिले, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिले, आणि काय झाले ते तिला कळले. “आधी जेवा,” एवढेच ती म्हणाली. मग पाण्याच्या रांजणांमागे जाऊन, तोंडात पदराचा बोळा धरून बराच वेळ उभी राहिली. हे तिने मला सांगितले नाही, नवसूने सांगितले.

६. नंतर वाडीची बैठक होऊन ठरले की, पावसाळा लागेतो लुगडे वाडीबाहेर जाऊ नये. शिदूही त्यांच्याच बाजूचा. “लुगडं ऱ्हाऊ दे, तू पायजे तर जा,” असे तो भर बैठकीत म्हणाला. काय नेसून जाऊ, असे चिमाबाईने विचारले. त्यावर बैठक मोडली.

७. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच शब्दांत : “वेळूवर हाय तवर वाडीचं. नेसले की माजं.” याहून नेमका खुलासा मला करता येत नाही.

८. येत्या ५ जूनला तिची मुलगी चिंगी हिचे लग्न तळेगावला आहे. शिदू नवरीचा बाप म्हणून जमिनीवर राहील. बाकीच्या सहा होड्यांची खात्री कुणी देत नाही. नवसूनेही बऱ्या हाताने वल्हे धरायला सुरुवात केली आहे. तरी त्यापूर्वी पाच वार पक्क्या रंगाचे तांबडे कापड मिळावे. पांढरे पाठवू नये, ही विनंती.

हा अर्ज अर्जदारणीस वाचून दाखवला. तिने मान्य करून अंगठा दिला.

आपली नम्र,
चिमाबाई शिदू हिलम
(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)

लिहिणार : श्रीपाद मोघे, शिक्षक
दिनांक २० मे १९७४

सोबत : सदर लुगड्याच्या पदराची चार बोटे चिंधी, रंग जुळवण्यासाठी. काम होताच परत पाठवावी. लग्नाआधी जागच्या जागी शिवायची आहे.